आठपैकी शून्य

बाईंना शीतपेयांच्या कंपनीत सगळे 'सहा नंबर' म्हणत. चव-खोलीत दहा कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक नळ आणि एक लाल दिवा. सहाव्या कप्प्यात गेली एकोणीस वर्षं याच बसत आल्या होत्या. लाल दिवा अशासाठी, की पेयाचा रंग दिसू नये आणि जिभेच्या कामात डोळ्यांनी नाक खुपसू नये. समोरच्या भिंतीतली छोटी खिडकी वर सरकायची, तीन आकडी नंबर लिहिलेले ग्लास आत यायचे. बाई घोट घ्यायच्या, तोंडात फिरवायच्या, थुंकायच्या, कोमट पाण्याने चूळ भरायच्या, बिनमिठाच्या बिस्किटाचा तुकडा चघळायच्या आणि कागदावर आकडे लिहायच्या. गोडवा किती, किती वेळात आला, किती वेळ टिकला, मागे कडवटपणा किती उरला. सगळं शून्य ते पंधरा या मापात.

'आवडलं' हा शब्द त्या खोलीत बंद होता. गंमत नाही, नियमच होता. चव-खोलीच्या मॅडम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "काय आवडतं ते सांगायला बाहेर हजारो लोक आहेत. आपण फक्त मोजायचं." कुणी चुकून "छान आहे हो" म्हणालं, की त्याचा कागद फाडला जाई आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून सगळे ग्लास पुन्हा प्यावे लागत. बाईंचा कागद एकोणीस वर्षांत एकदाही फाटला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता असंही नाही. नव्हता फाटला, एवढंच.

खरं सांगायचं तर बाईंना हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नसे. आई गेली त्या दिवशी शेजारणीने त्यांच्या हातात साखरपाण्याचा पेला दिला, तेव्हा बाईंच्या मनात पहिलं आलं ते 'सात टक्के'. दुसरं आलं, पेला नीट विसळलेला नाही. रडू येईल म्हणून त्या वाट बघत बसल्या. ते काही आलं नाही. मग त्या उठल्या आणि पेला विसळून जागेवर ठेवून आल्या.

त्यांच्या नवऱ्याला कंपनीत मुकादम म्हणत. घरीही बाई त्यांना मुकादमच म्हणायच्या, आधी थट्टेने आणि नंतर सवयीने. मुकादम पाकघराचे प्रमुख होते. पेयात जी साखर जाते ती आधी तिथे मोठ्या टाकीत, वाफेवर विरघळते, गाळली जाते, निवते आणि मग नळीतून पुढच्या खात्यात जाते. एकतीस वर्षं हे काम. दाटपणा मोजायला काचेची नळी होती, पण मुकादम आधी दोन बोटांत पाकाचा थेंब धरून सांगायचे आणि मग नळी बुडवायचे. नळीने त्यांना कधी खोटं पाडलं नाही. हाताखाली सहा माणसं, सगळी वय झालेली, सगळ्यांच्या चपला जमिनीला चिकटून चटचट वाजणाऱ्या. मुकादम घरात शिरले की पाठोपाठ तो तापलेल्या साखरेचा वास शिरायचा. माणूस बोलका, फुशारक्या मारणारा, पण मनाने अगदी सरळ.

"काय सहा नंबर," दारातूनच विचारायचे, "आज किती थुंकलात?"

"बावीस ग्लास."

"आम्ही राबून करायचं आणि तुम्ही थुंकून टाकायचं. ऊन नाही, वाफ नाही. मजा आहे बाबा तुमची."

सहा वर्षांपूर्वी मुकादमांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी यादी वाचली. बाटलीतली पेयं बंद, गोडधोड बंद, चहातली साखर बंद. पहिल्या दोन गोष्टी मुकादमांनी निमूट मान्य केल्या. तिसरीला ते अडून बसले.

"डॉक्टर, मी साखरेच्या धंद्यातला माणूस. दोन चमचे चहात नको म्हणता, मग जगायचं कशाच्या जिवावर? आणि पाकघरातली माणसं काय म्हणतील? मुकादम फिका चहा पितो?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

त्या आठवड्यात बाईंनी घरी गोडाच्या थेंबांची एक बाटली आणली आणि औषधांच्या डब्यात, कानात घालायच्या थेंबांशेजारी ठेवली. साध्यासुध्या बाईने एके दिवशी साखर काढून थेंब घातले असते आणि पहिल्या घोटाला पकडली गेली असती. पण या सहा नंबर. माणसाच्या जिभेला किती फरक कळतो आणि किती कळत नाही, हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा. शिवाय कुठला थेंब उकळत्या चहात टिकतो आणि कुठला टिकत नाही, हेही त्यांना पाठ. त्यांनी चमच्याच्या टोकाएवढी साखर कमी केली आणि एक थेंब वाढवला. चार दिवस थांबल्या. पुन्हा टोकाएवढी कमी, पुन्हा एक थेंब. कळेल न कळेल अशा रेषेच्या नेहमी अलीकडे राहायचं. साडेतीन महिन्यांत मुकादमांच्या चहात साखरेचा कणही उरला नाही, आणि मुकादम म्हणाले, "तुझ्या हातच्या चहाला तोड नाही."

कँटीनच्या चहाला ते भांडी विसळलेलं पाणी म्हणायचे, त्यामुळे कामावरही घरचाच थर्मास जायचा. पुढच्या तपासणीत रक्त सुधारलं, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. डॉक्टरांनी चालण्याच्या व्यायामाचं कौतुक केलं. मुकादम मात्र पाकघरात छाती पुढे काढून सांगायचे, "दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे. आणि रक्त बघा, पाण्यासारखं स्वच्छ."

बाईंना यात फसवणूक वगैरे कधी वाटली नाही. काम होतं, झालं. एवढं मात्र खरं, की सांगायचं म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा मुकादम काहीतरी दुसरं बोलायला लागले.

मग कंपनीने साखर काढायचं ठरवलं.

कारण सरळ होतं. साखरेचा एक ट्रक जे काम करतो ते पांढऱ्या पुडीच्या एका डब्यात होतं. डबा एका माणसाला एका हाताने उचलता येतो. त्याला टाकी लागत नाही, वाफ लागत नाही आणि सहा माणसं तर नाहीच नाही. चव-खोलीत आठ महिने नमुने येत होते. सॅकरीनने मागे पत्रा चाटल्याची चव राहायची. स्टीव्हियाला ज्येष्ठमधाचा वास यायचा. शेवटी जे मिश्रण ठरलं त्याचा पहिला ग्लास खिडकीतून आला, तेव्हा बाईंनी घोट घेतला आणि त्यांचा हात पेन्सिलीवर थांबला. साखरेचा गोडवा लगेच येतो, तोंडात वजन धरतो आणि मुकाट्याने निघून जातो. हा गोडवा जरा उशिरा आला, पातळ होता आणि उठायचं नावच घेईना. बाईंनी हा गोडवा ओळखला. यातला मुख्य माल त्यांच्या औषधांच्या डब्यात होता.

त्यांनी लिहिलं: गोडवा अकरा, टिकण्याचा काळ बारा, मागचा कडवटपणा दोन. मग थुंकल्या आणि चूळ भरली.

दहाही कप्प्यांनी लिहिलं की फरक कळतो. पण कारखान्याचे साहेब म्हणाले, "तुम्ही शिकवलेल्या जिभा. गिऱ्हाईक तुमच्यासारखं चूळ भरून पितं का?" यावर मॅडमकडे उत्तर नव्हतं.

मुकादमांकडे होतं. कामगारांच्या बैठकीत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझी जीभ कुणी शिकवलेली नाही. मी साधा पाक करणारा माणूस. साखर कुठली आणि ते तुमचं औषध कुठलं, हे मी डोळे बांधून सांगतो."

साहेब हुशार होते. "मग सांगा," ते म्हणाले. "आठ जोड्या ठेवू. प्रत्येक जोडीत एक ग्लास साखरेचा, एक नवा. साखरेचा कुठला तेवढं सांगायचं. सात बरोबर आले तर पेयात साखर राहील आणि पाकघरही राहील. नाही आले, तर फरक कळत नाही अशा कागदावर सगळ्यांच्या वतीने तुम्ही सही करायची."

पाकघरातल्या सहाजणांनी टाळ्या वाजवल्या. पाकघर बंद झालं तर त्यांना खोक्यांच्या गोदामात जायचं होतं, पाठीवर माल उचलायला, आणि त्यातल्या चौघांच्या पाठी आधीच गेलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मुकादम घरी आले ते जवळजवळ नाचतच. "पाच दिवसांनी, सोमवारी. अगं, आठच्या आठ सांगतो बघ! एकतीस वर्षं त्या साखरेत उभा आहे मी."

बाई कांदा चिरत होत्या. "पण तुम्ही बाटली सोडून सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? जीभ साखर विसरते का? चहात आहेच की रोज."

बाईंनी कांदा चिरून संपवला. सांगायची वेळ हीच होती हे त्यांना समजत होतं, अगदी स्पष्ट. अहो, तुमच्या चहात साखर नाही. पाच शब्द. ते शब्द त्यांनी मनात एकामागून एक ठेवून पाहिले आणि त्यांचं काहीच झालं नाही. भीती वाटली असती तर त्या बोलल्या असत्या, दया आली असती तरी बोलल्या असत्या. पण आत नुसतं शांत होतं, कप्प्यातल्या लाल दिव्यासारखं. त्यांनी कांदा कढईत टाकला.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली. चहात खरी साखर घातली, सपाट दोन चमचे. मुकादमांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आज काय झालंय चहाला?"

"का?"

"जड झालाय. आणि चव अशी मधेच उतरते. साखर बदललीस का?"

"दूध वेगळं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी तो चहा ओतून टाकला आणि औषधांचा डबा उघडला. नवा चहा पिऊन मुकादम म्हणाले, "हां, आता कसं." बाईंना जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं होतं. पुढचे तीन दिवस त्या नेहमीसारख्या वागल्या. नेहमीसारखं वागणं त्यांना कधीच कठीण गेलं नव्हतं.

सोमवारी परीक्षेच्या वेळी बाईंना चव-खोलीत यायला बंदी होती. नातं होतं ना. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. पाकघरातले सहाजण स्वच्छ शर्ट घालून दाराशी उभे होते. त्यातल्या एकाने, ज्याला सगळे भोपळा म्हणत, बाईंना विचारलं, "वहिनी, मुकादमांनी सकाळी काही खाल्लं नाही ना? जिभेवर चव राहते म्हणतात."

"नाही खाल्लं," बाई म्हणाल्या. "फक्त चहा घेतला."

वीस मिनिटांनी मुकादम बाहेर आले. चेहऱ्यावर ऐट होती. "काही अवघड नव्हतं," ते माणसांना म्हणाले. "एकेका घोटात कळत होतं. दोनदा घ्यावा लागला नाही." माणसांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मुकादमांनी बाईंकडे बघून डोळा मिचकावला, आणि बाईंनी मान हलवली.

मग मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागे साहेब होते.

"शून्य," मॅडम म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. भोपळा हसला. त्याला वाटलं, शून्य चुका. मग मॅडमनी पुन्हा वाचलं. आठपैकी शून्य बरोबर. प्रत्येक जोडीत मुकादमांनी नव्या ग्लासावर बोट ठेवून 'ही साखर' असं सांगितलं होतं.

मुकादमांनी कागद हातात घेतला. नंबर जुळवून पाहिले, एकेक, सावकाश. मग कागद परत दिला आणि पाकघराकडे चालू लागले. टाकी लावलेली होती, पाक उतू गेला असता. सहाजण त्यांच्या मागे गेले. चपलांचा चटचट आवाज जिना उतरेपर्यंत येत राहिला.

साहेब समाधानाने निघून गेले. सही उद्या सकाळी दहाला. मॅडम मात्र बाकापाशी थांबल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्याची जीभ मेलेली आहे, ज्याला काहीच कळत नाही, तो माणूस अंदाजाने बोट ठेवतो आणि आठातले चारएक बरोबर येतात. तीन येतील, पाच येतील. शून्य येत नाही. शून्य यायला आठच्या आठ वेळा फरक अचूक कळावा लागतो. हे मॅडमना माहीत होतं आणि बाईंनाही माहीत होतं. त्या इमारतीत एवढ्या दोघींनाच.

"सहा नंबर," मॅडमनी हळूच विचारलं, "अंदाजाने बोट ठेवलं तर दोनशे छप्पन्न माणसांत एखाद्याचंच असं होतं. ते नव्यालाच साखर समजतात. घरी काय वापरता तुम्ही?"

बाईंनी मॅडमच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. खाली एक ओळ रिकामी होती: चाखणाऱ्याच्या रोजच्या आहारातील गोड पदार्थ.

"साखर," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"दोन चमचे."

मॅडमनी ते लिहिलं आणि घरच्या माणसाची सही म्हणून कागद बाईंपुढे धरला. बाईंनी सही केली. एकोणीस वर्षांत त्यांनी कागदावर लिहिलेली ही पहिली खोटी गोष्ट. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्या परत कप्प्यात जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत चौदा ग्लास झाले.

संध्याकाळी घरी आल्या तर मुकादम स्वयंपाकघरात उभे होते. ओट्यावर सगळा संसार मांडलेला. मिठाचा डबा, लिंबू, व्हिनेगर, एक कडू गोळी फोडून ठेवलेली. मुकादम जीभ बाहेर काढून एकेक लावून बघत होते.

"खारट कळतं," ते बाईंकडे न बघता म्हणाले. "आंबट कळतं. कडू कळतं. गोडाचीच पारख गेली. साखर चढली असणार मला. डॉक्टर म्हणाले होते, नसा जातात म्हणून. आधी पायाच्या जातात म्हणाले होते, माझी जीभ गेली." त्यांनी हात पुसले. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. "तीन वर्षांत पायही जातील. मग तुला करावं लागेल सगळं. भोपळ्याने माझ्याकडे पाहिलं नाही आज. सहाजणांत एकानेही पाहिलं नाही."

बाईंनी पिशवी खुंटीला लावली, औषधांचा डबा काढला आणि ती छोटी बाटली मिठाच्या डब्याशेजारी ठेवली.

"तुमची जीभ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं तुमच्या चहात हे आहे. साखर नाही."

मुकादमांनी बाटली उचलली. लांब धरून वाचली, चष्मा नव्हता. झाकण काढून एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. बराच वेळ त्यांनी तोंड हलवलं नाही. गोडवा येतो कसा आणि थांबतो किती, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिलं.

"म्हणजे ते शून्य..."

"शून्य म्हणजे आठपैकी आठ. उलटे. एकही हुकला नाही तुमचा."

"रक्त सुधारलं ते यामुळे?"

"बरंचसं."

मुकादम स्टुलावर बसले. एवढ्यावर हसले असते तरी चाललं असतं, चिडले असते तरी चाललं असतं. ते हिशोबी आवाजात विचारत राहिले.

"गुरुवारी चहा जड लागला तो?"

"तेव्हा साखर घातली होती."

"म्हणजे गुरुवारी तुला माहीत होतं, सोमवारी काय होणार ते."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी उत्तर शोधलं. तुमचं मन मोडलं असतं म्हणून, असं सांगता आलं असतं. तुम्हाला राग येईल म्हणून, असंही. दोन्ही ऐकायला बरं वाटलं असतं.

"काही वाटलंच नाही," त्या म्हणाल्या. "वाटायला हवं होतं. मी वाट बघत होते."

मुकादमांनी मान हलवली, जणू एखाद्या खात्याचा निरोप ऐकला. मग म्हणाले, "मॅडमनी काही विचारलं?"

"घरी काय वापरता, विचारलं. मी साखर म्हणाले."

"लिहून घेतलं?"

"सही केली मी."

मुकादम उठले. लिंबू कापडात गुंडाळलं, मीठ जागेवर ठेवलं. बाटली कुठे ठेवायची ते न कळून तशीच ओट्यावर राहू दिली. दोघं जेवली, जेवताना बाईंनी विचारलं, "उद्या मॅडमना जाऊन खरं सांगू?" मुकादम म्हणाले, "वाढ थोडं." त्या वाढायला उठल्या.

सकाळी बाई बससाठी तयार झाल्या तर मुकादम केव्हाच निघून गेले होते. त्या चव-खोलीत पोचल्या, सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेल्या, पण मॅडम साहेबांकडे गेलेल्या. दहा वाजून पाच मिनिटांनी आल्या त्या सही झालेला कागद घेऊनच. मुकादमांनी 'फरक कळत नाही' या ओळीखाली पूर्ण नाव लिहून सही ठोकली होती. पहिले तेच जाऊन बसले होते म्हणे, साहेबांच्याही आधी.

"काही बोलायचं होतं का?" मॅडमनी विचारलं.

कागदावर खोटं लिहिणाऱ्याला चव-खोलीत पुन्हा पाऊल ठेवता येत नाही, हा दुसरा नियम. तो मुकादमांना ठाऊक होता, कारण एकोणीस वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा बाईंनीच तो घरी हसत हसत सांगितला होता.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि कप्प्यात गेल्या.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सही का केलीत?"

"मग काय सांगणार होतो त्या सहाजणांना? मुकादमाला बायकोने सहा वर्षं थेंब पाजले आणि त्याला पत्ता नाही? जीभ गेली म्हटलेलं बरं. म्हातारपणी जाते कुणाचीही."

हे एक कारण होतं. दुसरं ते बोलले नाहीत आणि बाईंनी विचारलं नाही. सहाजणांच्या पाठींपेक्षा बाईंची खुर्ची वर ठेवली गेली होती, आणि ती ठेवणारा माणूस रोज त्याच सहाजणांबरोबर खोकी उचलणार होता.

महिनाअखेर पाकघर धुतलं. टाकीचा तळ घासायला दोन दिवस लागले. मुकादमांनी काचेची नळी कापसात गुंडाळून सामानाच्या खात्यात जमा केली. गोदामात भोपळा त्यांच्याशी बोलायला लागला, पण 'मुकादम' म्हणायचा बंद झाला. नुसतं 'अहो' म्हणायचा. घरात साखरेचा वास येईनासा झाला, पुठ्ठ्याचा यायला लागला. चहात थेंबच पडत होते. बाटली आता ओट्यावर सगळ्यांसमोर असायची, आणि मुकादम चहा पिताना त्याविषयी काही म्हणत नसत. 'तुझ्या हातच्या चहाला तोड नाही' हेही म्हणत नसत.

नवं पेय बाजारात गेलं त्या दिवशी प्रत्येक कामगाराला एक खोकं घरी न्यायला मिळालं. बाटली तीच, लेबल तेच, कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ वाढलेली. मुकादमांनी ते खोकं स्वतःच पाठीवरून वर आणलं. टेबलावर दोन ग्लास मांडले आणि एक बाटली फोडली. साखर नसल्यामुळे त्यांना आता ते चालणार होतं. सहा वर्षांनी चालणार होतं.

त्यांनी अर्धा ग्लास एका दमात संपवला. बाईंनी सवयीने घोट तोंडात फिरवला आणि थुंकायला नळाकडे वळल्या.

"गिळ," मुकादम म्हणाले.

बाईंनी गिळला.

"कसं आहे?"

"गोडवा अकरा. जरा उशिरा येतो. टिकण्याचा काळ..."

"ते नाही विचारलं मी." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आवडलं का तुला?"

बाई उभ्याच राहिल्या. इथे मॅडम नव्हत्या, लाल दिवा नव्हता, कागद नव्हता. गिळलेला घोट खाली गेला होता आणि त्याचा गोडवा अजून जिभेवर होता, जायला तयार नव्हता. त्यांना एकदम ती टाकी आठवली, रिकामी, घासलेली. भोपळ्याचा स्वच्छ शर्ट आठवला. आणि या माणसाने डोळा मिचकावला होता तेही. छातीत काहीतरी दुखलं, खरोखर दुखलं, इतकं, की त्यांनी टेबलाची कड धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही आवडलं मला. अजिबात नाही."

मुकादमांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उरलेला ग्लास उचलून शेवटपर्यंत प्यायले आणि हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"मला आवडलं," ते म्हणाले.